‘नवसाला पावणारा’ असं फलकावर लिहिण्याआधी

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि सर्व कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मंडपाची परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, मूर्तीची आगाऊ रक्कम, वर्गणीची पावतीपुस्तकं ही कामं आता मार्गी लागत असतील. त्यांतच एक लहानसं काम असतं, जे बहुतेक वेळा फ्लेक्सवाल्याच्या संगणकासमोर बसूनच उरकलं जातं. ते म्हणजे फलकाचा मजकूर. नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ‘नवसाला पावणारा’, ‘इच्छापूर्ती’, ‘हाकेला धावणारा’ असे शब्द गल्लोगल्ली दिसतात. हे पत्र त्या शब्दांविषयी आहे.

लिहिणारे आम्ही शाळा-महाविद्यालयांत विज्ञान आणि संख्याशास्त्र शिकवणारे आणि रोगनिदान प्रयोगशाळांत काम करणारे लोक आहोत. आमच्यापैकी काहींच्या घरी गणपती येतो, काहींच्या येत नाही. या पत्रापुरता त्याने काही फरक पडत नाही.

देवावर भरवसा ठेवणं ही एक गोष्ट झाली. देवाने लोकांचे आजार बरे केले, मुलं दिली, असं चौकात लिहून लावणं ही अगदी वेगळी गोष्ट. आरतीच्या वेळी मन शांत होतं असं कुणी म्हणालं, तर त्याला पुरावा मागायचा अधिकार कुणालाच नाही. त्याच्या मनाचा साक्षीदार तोच. पण फलकावर ‘पावतो’ असं लिहिलं की तो जगाविषयीचा दावा होतो. तो खरा असू शकतो किंवा खोटा, आणि त्यावर विसंबून कुणीतरी उद्याची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू शकतं. म्हणून अशा दाव्याला पुरावा मागायलाच हवा, आणि तो सगळ्यात आधी तुम्ही स्वतः मागावा, असं आमचं म्हणणं आहे.

पुरावा मागणं हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ज्ञानाच्या साधनाला आपल्याकडे प्रमाण म्हणतात आणि न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या आपल्या जुन्या परंपरेने, अशी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पुढच्या काळातले नैयायिक तर ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी युक्तिवाद रचणारे होते. तरीही अनुमान कुठे फसतं याची काटेकोर यादी याच परंपरेने केली. त्या फसगतींना हेत्वाभास म्हणतात. त्यातला एक सव्यभिचार. आपण जे कारण म्हणून दाखवतो, ते परिणाम आहे तिथेही सापडतं आणि परिणाम नाही तिथेही सापडतं. मग त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात हेच ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ असं येतं. फांदी कावळ्यानेच तोडली का हे ठरवायचं असेल, तर कावळा बसूनही न तुटलेल्या फांद्या आणि कावळा न बसताच तुटलेल्या फांद्या, दोन्ही मोजाव्या लागतात.

नवसाचा हिशेब याच रीतीने मांडून पाहू. मूल हवं असलेल्या आणि कोणतंही गर्भनिरोधक न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण ८० ते ८५ जोडप्यांना पहिल्या वर्षातच दिवस जातात. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात जातात. नवस बोलायला येणारी जोडपी बहुधा ही दुसरी, म्हणजे वर्षभर वाट पाहून काळजीत पडलेली. उदाहरणादाखल धरू की अशा १,००० जोडप्यांनी तुमच्या मंडपात नवस बोलला. काहीही वेगळं घडलं नाही तरी वर्षभरात त्यांतल्या जवळपास ५०० घरी आनंदाची बातमी येईल. ही ५०० माणसं पुढच्या वर्षी पेढे घेऊन रांगेत उभी राहतील, माईकवरून त्यांची नावं पुकारली जातील आणि प्रत्येक जण आपल्या कंपनीत, चाळीत, गावाकडे दहा जणांना सांगेल. उरलेली ५०० परत येत नाहीत. आली तरी माईक मागत नाहीत. आपलंच काही चुकलं असेल, सोवळं पाळलं गेलं नसेल, श्रद्धा कमी पडली असेल असं मनाशी म्हणत ती गप्प बसतात. आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. फलकावरचा शब्द ज्यांच्या बाबतीत खरा ठरत नाही, त्यांना तो दोषी ठरवतो.

दहावीचंही तसंच. राज्याचा निकाल अलीकडे ९० टक्क्यांच्या वर लागतो. पास होण्याचा नवस शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांचा फळणारच. मुलगा व्हावा म्हणून बोललेला नवस निम्म्यांहून किंचित जास्त जणांना ‘पावतो’, कारण जन्माला येणाऱ्या १०० बाळांत साधारण ५१ मुलगे असतात. (असा नवस फलकावर तर सोडाच, मंडपाच्या माईकवरही येऊ नये.) पाठदुखी, दमा, अर्धशिशी यांचा हिशेब आणखी फसवा आहे. हे आजार चढतात-उतरतात. माणूस नवस बोलतो तो दुखणं शिगेला पोचलं असताना, आणि शिगेला पोचलेलं दुखणं त्यानंतर बहुतेक वेळा उतरतंच.

तरीही एखाद्या मंडळाला वाटेल की आमच्याकडे खरोखरच वेगळं घडतं. मग मोजून बघावं. त्याला फार खर्च नाही. एक लाँगबुक आणि दोन टापटिपीचे कार्यकर्ते पुरतात, धीर मात्र वर्षभर ठेवावा लागतो. प्रत्येक पानावर अनुक्रमांक आधीच घाला, म्हणजे पान फाडलं तर कळेल. नोंद नवस बोलताना करा, फळल्यावर नव्हे. आठवण फार लवचीक असते. घडून गेल्यावर माणसाला वाटतं, आपण नेमकं हेच मागितलं होतं. नोंदीत चार गोष्टी हव्यात: तारीख, मागणं, मुदत आणि ते पूर्ण झालं हे कशावरून कळेल ती खूण. ‘सगळं चांगलं होऊ दे’ हे मागणं सुंदर आहे, पण मोजता येत नाही. ते वहीत न घेता मनातच राहू द्या. संमती घेऊन मोबाइल नंबर घ्या आणि नावाऐवजी फक्त अनुक्रमांक वापरा. आजारपणाची आणि पाळण्याची मागणी चारचौघांत उघडी पडता कामा नये.

वर्षाने सगळ्यांना फोन करा. फळलेल्यांनाच करून भागणार नाही. इथे हमखास चूक होते ती भागाकारात. समजा १,००० नोंदी आहेत, ७०० जणांनी उत्तर दिलं आणि ४२० जणांचं मागणं पूर्ण झालं. ४२० भागिले ७०० म्हणजे ६० टक्के, असं लिहायचा मोह होतो. पण फोन न उचलणारे ३०० कोण? ज्यांचं काम झालं नाही, ते फोन टाळण्याची शक्यता जास्त. ते सगळे अपूर्ण धरले तर आकडा ४२ टक्क्यांवर येतो, सगळे पूर्ण धरले तर ७२ वर जातो. प्रामाणिक उत्तर ‘४२ ते ७२ च्या दरम्यान’ हे आहे. आणि तेही एकट्याने काही सांगत नाही. मंडपात दर्शनाला आलेल्या, तीच इच्छा असलेल्या, पण नवस न बोललेल्या लोकांचीही तशीच वही हवी. दोन वह्यांतली माणसं वयाने, आजाराने, परिस्थितीने वेगळी असतील तर फरक नवसामुळे पडला की त्या वेगळेपणामुळे, हे सांगता येणार नाही. औषधांच्या चाचणीत म्हणूनच चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. नवसाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाका असं आम्ही म्हणणार नाही. कुणाच्या देवाशी असलेल्या नात्यात चिठ्ठी घुसवणं बरं नव्हे. मात्र मग वहीतून निघणारं उत्तर त्या मर्यादेतच वाचायला हवं.

चिठ्ठ्या टाकून केलेला असा एक मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवर तो झाला आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन गट होते. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी १४ दिवस प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात आहोत हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना केली आणि त्यांना तसं सांगितलंही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के रुग्णांना. याचा अर्थ देव नाही असा होत नाही. घरच्यांनी रुग्णासाठी हात जोडू नयेत असाही होत नाही. दुसऱ्या गटातल्या रुग्णांसाठी त्यांच्या घरच्यांनी प्रार्थना केली असणारच, ती कोण थांबवणार? अर्थ एवढाच, की अनोळखी लोकांच्या प्रार्थनेचा मोजता येण्याजोगा फायदा शोधला आणि तो सापडला नाही. पुराव्याचं बोलणं इतक्याच मापाचं असतं, त्याला त्याहून मोठं करू नये. आमच्या बाजूचेही काही जण ते करतात आणि श्रद्धा ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणून मोकळे होतात. ते आम्हाला मान्य नाही.

स्वतःच्या श्रद्धेची कडक तपासणी करणारी धर्मसंस्था बघायची असेल तर फ्रान्समधलं लुर्द हे कॅथलिक तीर्थक्षेत्र घ्या. १८५८ पासून तिथे आजारी माणसांची रीघ आहे, आणि १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय तिथल्या बरं होण्याच्या दाव्यांची छाननी करतं. आजार गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, घेतलेल्या उपचाराने तो बरा झाला असेल का, बरं होणं अचानक होतं का, पूर्ण होतं का, वर्षानुवर्षं टिकलं का, हे सगळं तपासतात. ७,००० हून अधिक दाव्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दावे सत्तरच्या आसपासच आहेत. त्या मोजक्या दाव्यांवरही आमचे प्रश्न आहेत. पण ‘नाही, हे चमत्कारात बसत नाही’ असं हजारो वेळा आपल्याच भाविकांना सांगायचं धैर्य त्या संस्थेने दाखवलं आहे. लुर्दला जाणाऱ्यांची गर्दी त्याने ओसरलेली नाही.

आता आमच्या कामाच्या सगळ्यात जवळचा विषय. भाद्रपदात आपल्या भागात कावीळ, लेप्टो आणि डेंगीचे रुग्ण वाढलेले असतात. ‘पावणारा’ हा शब्द ज्या हवेत रुजतो, त्याच हवेत काविळीची माळ घालणारे आणि हात धुऊन कावीळ उतरवणारेही असतात. ती माळ जवळून बघा. ओल्या कोवळ्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्याच्या फासांत घट्ट आवळून ती बनवतात. पहिल्या दिवशी ती डोक्यावर मुकुटासारखी बसते. काड्या सुकतात तशा आक्रसतात, प्रत्येक फासातून दोरा थोडा थोडा मोकळा होतो आणि माळ लांबत जाते. ती गळ्यात उतरते, मग छातीवर येते. सांगितलं जातं की उतरणारी कावीळ माळ ओढून घेते आहे. तशीच दुसरी माळ त्याच दिवशी बनवून खिळ्याला टांगा आणि रोज पट्टीने मोजा. खिळ्यावरची माळही तशीच लांबते. हात धुण्याचं असंच. आंब्याच्या सालीचा अर्क हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी ते पिवळंच होतं.

तरी लोकांना प्रचिती का येते? कारण दूषित पाण्यातून होणारी ए-प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घाला, न घाला. खरा धोका उरलेल्यांचा. लेप्टोची कावीळ मूत्रपिंडं निकामी करू शकते आणि तिला प्रतिजैविक लवकर मिळावं लागतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झालेली ई-प्रकारची कावीळ आईच्या जिवावर बेतते. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही. बाहेरून डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात. फरक कळतो तो बिलिरुबिन, एसजीपीटी आणि विशेषतः रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी-आयएनआर या तपासण्यांतून. हा वेळ वाढू लागला, रुग्ण गुंगीत बोलू लागला किंवा लघवी कमी झाली, तर माळेची वाट बघत घालवलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

सर्पदंशावर मंत्र घालणाऱ्यालाही यश मिळतं ते असंच. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. मण्यार चावली तर जागेवर धड सूजही येत नाही आणि काही तासांनी श्वासाचे स्नायू थांबतात. येऊरच्या पायथ्याला असा प्रसंग आला तर १०८ ला फोन, चावलेला अवयव न हलवता थेट रुग्णालय, आणि बाकी काही नाही.

चमत्काराच्या रात्रीची तयारीही आधीच करून ठेवावी लागते, कारण एकदा गर्दी लोटली की कुणीच शांतपणे बघू शकत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी दिवसभरात देशभर पसरली. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेऊ लागले, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच दुधाची लाट पुन्हा आली. तेव्हा हातोहाती व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. आज अशी बातमी टेंभी नाक्यावरून नेरुळला पोचायला मिनिटंही लागणार नाहीत.

दुधाचं तपासायचं ते असं. प्राणप्रतिष्ठा केलेल्या मूर्तीला हात लावायची गरज नाही. मूर्तिकाराकडून तशाच मातीची, तशाच रंगाची छोटी मूर्ती आणून ठेवा. एका ताटात सुती कापडाची घडी घालून ताट-कापडाचं वजन एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा, आणि मूर्ती त्यात ठेवा. ५ मिलिलिटरचे २० चमचे, म्हणजे १०० मिलिलिटर दूध सोंडेला लावून पाजा. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, म्हणून हे सुमारे १०३ ग्रॅम. नंतर मूर्ती अलगद उचलून ताट पुन्हा तोला. मूर्तीला चिकटलेलं आणि हातून सांडलेलं सोडलं तर बाकी सगळं दूध कापडात सापडतं. दुधात खाण्याच्या लाल रंगाचे चार थेंब टाकले तर सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर गेलेली वाट डोळ्यांनी दिसते. संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ थर दिसत नाही, एवढंच त्यातलं रहस्य. काठोकाठ भरलेल्या चमच्यात दूध किंचित फुगून उभं असतं. ओली सोंड त्या फुगवट्याला टेकली की पृष्ठताणाने दूध तिकडे ओढलं जातं आणि एकदा धार लागली की स्वतःच्या वजनाने खाली उतरत राहतं. म्हणूनच अर्धा भरलेला चमचा ‘प्यायला’ जात नाही.

चुकतं कुठे? कापड मूर्तीच्या मागच्या बाजूला पुरत नाही आणि पाठीवरून गेलेलं दूध हिशेबातून निसटतं. दुसरं म्हणजे, रंग न दिलेली शाडूची किंवा प्लास्टरची मूर्ती खरोखरच थोडं दूध शोषते, कारण ती सच्छिद्र असते. मग ताटात दूध कमी भरतं आणि बघणारे म्हणतात, बघा! म्हणून शेजारी एक कोरी वीट किंवा मातीची पणती ठेवून तिलाही त्याच चमच्याने दूध पाजा. ती मूर्तीइतकंच पीत असेल तर उत्तर मिळालं.

मूर्तीला घाम फुटतो किंवा डोळ्यांत पाणी येतं, हे हल्ली वातानुकूलित गाभाऱ्यांत जास्त घडण्यासारखं आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांच्या आसपास थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमतं. आतला संगमरवर २४ अंशांवर असतो. आरतीसाठी दारं उघडली की खाडीवरची दमट हवा आत येते आणि कपाळावर, गालांवर थेंब धरतात. गाभाऱ्यात तासभर आधी स्टीलचा रिकामा तांब्या ठेवून द्या. दारं उघडल्यावर तोही घामाघूम होतो.

गोड्या पाण्याची तपासणी जरा जास्त काळजी मागते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३५,००० च्या घरात. बाजारात मिळणारे पेनसारखे टीडीएस मीटर बहुधा ९,९९० च्या पुढे दाखवत नाहीत, त्यामुळे थेट बुडवलं तर आकडा अडकतो किंवा चुकीचा येतो. ५० मिलिलिटर नमुन्यात ९५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालून मोजा आणि येणाऱ्या आकड्याला २० ने गुणा. नमुना फक्त काठावरून घेऊ नका. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली मीटर-दोन मीटर खाली सोडून मग बूच ओढा. पावसाळ्यात नद्या-नाल्यांतून उतरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वरचा थर मचूळ आणि खालचा खारट असा फरक आला तर कोडं तिथेच सुटतं. माहीमलाही जोरदार पावसानंतर मिठी नदीचं पाणी असंच उतरलं होतं. आणि पाणी अगदी गोड लागलं तरी ते पिऊ नका. विटाव्याच्या किंवा वाशीच्या खाडीत सांडपाणी मिसळतं. एच-टू-एसची, म्हणजे पाण्यातले जंतू तपासण्याची, छोटी बाटली खुणेपर्यंत भरून एक-दोन दिवस ठेवली की ती काळी पडते. ते विष्ठेतल्या जंतूंचं लक्षण आहे. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय एकही चालत नाही.

हे सगळं उघडं झालं तर श्रद्धा उरेल का, अशी भीती आम्ही ऐकतो. अंबरनाथचं शिवमंदिर आपल्याच जिल्ह्यात आहे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं असं लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ आहे आणि ते शिलाहार राजवटीत बांधलं गेलं हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. शिलालेख वाचला गेला म्हणून महाशिवरात्रीची रांग आखूड झाली नाही. उलट ज्या हातांनी तो दगड कोरला ते माणसांचे हात होते, हे कळल्यावर त्या देवळासमोर उभं राहताना आदर वाढतो असं आम्हाला मनापासून वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हा कायदा हातही लावत नाही. १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा तर ताईत, मंत्र, कवच यांनी आजार बरा होतो अशी जाहिरातच मना करतो. तुमचा फलक आजाराचं नाव घेऊ लागला, तर कार्यकारिणीने वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

आमच्या विनंत्या फार नाहीत. फलकावर मंडळाचं नाव, स्थापनेचं वर्ष, मूर्तिकाराचं नाव आणि आरतीची वेळ लिहा. ‘पावणारा’ हा शब्द काढा. ज्याला नवस बोलायचा तो बोलेलच, त्यासाठी फलक लागत नाही. माईकवरून नवसपूर्तीच्या घोषणा थांबवा. त्याऐवजी रोज संध्याकाळी दोन मिनिटं सांगा: ताप तीन दिवसांहून जास्त, डोळे पिवळे, लघवी कमी, यांतलं काहीही असेल तर दर्शन घ्या आणि थेट महापालिकेच्या रुग्णालयात जा. तिथे जाताना सोबत लागत असेल तर मंडळाचा कार्यकर्ता येईल, असंही जोडा. हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकत नाही, कारण रात्री दोन वाजता वॉर्डातल्या लोकांना कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक असतं, आणि ते बहुधा तुमचंच असतं.

चमत्काराची बातमी आलीच, तर पहिल्या बघणाऱ्याला बाजूला घेऊन त्याने काय पाहिलं ते किती वाजले या नोंदीसह लिहून घ्या, इतरांशी त्याचं बोलणं व्हायच्या आधी. मूर्तीभोवती दोन मीटरवर दोरी बांधा. मंडपाच्या कपाटात एक पेटी आधीच भरून ठेवा: एक ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा, ताट, सुती कापड, ५ मिलिलिटरचा चमचा, खाण्याचा लाल रंग, वीट, स्टीलचा तांब्या, टीडीएस मीटर, एक लिटर डिस्टिल्ड पाणी आणि दोन एच-टू-एस बाटल्या. काट्याचे सेल दर वर्षी बदला. पेटी कशी वापरायची ते शिकवायला आम्ही तुमच्या मंडळात येऊ. प्राणप्रतिष्ठेच्या आधीचा कोणताही रविवार कळवा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही विज्ञान-शिक्षक, संख्याशास्त्राचे अध्यापक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ